जुळ्या नोंदी

कोशकारांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडाकडे धरली, दोनदा वाचली आणि मधोमध फाडली. दोन्ही तुकडे टेबलाखालच्या टोपलीत गेले. 'अंमल चढणे : नशेचा परिणाम जाणवू लागणे' या अर्थाची ती चौथी चिठ्ठी होती. पहिली पुरेशी बोलकी असताना बाकीच्या तिघी खणात नुसत्या जागा अडवून बसल्या होत्या.

कार्यालयात अशा चिठ्ठीला जुळी म्हणत. शब्द तोच, अर्थ तोच, छटा तीच, फक्त पुस्तक वेगळं. जुळी दिसली की फाडायची, हा पहिल्या संपादकांनी घालून दिलेला नियम, आणि या बाबतीत कोशकारांचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. कामाला नव्याने लागलेल्या मुली त्यांच्या टेबलावर गठ्ठा ठेवताना मुद्दाम म्हणत, "काका, आमच्या जरा सांभाळून हं." ते मान वर न करता सांगत, "नवं काही असेल तर जिवाला धोका नाही." हा विनोद ते रोज करत. तो मात्र जुळा आहे, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही.

संपादकबाई हातात मुद्रितं घेऊन आल्या. वयाने त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पान कधी जायचं ते त्या ठरवत.

"हा तिसरा अर्थ कुठून आणलात?"

पानावर 'अंमली' हा शब्द होता. खाली जुन्या आवृत्तीतले दोन अर्थ होते. पहिला सत्तेसंबंधीचा, आता कोणी वापरत नाही असा. दुसरा नशेचा. त्याखाली समासात कोशकारांनी लाल शाईने लिहिलं होतं : '३. वेदना बधिर करणारे (औषध).'

"वापरात आहे," कोशकार म्हणाले.

"कुणाच्या?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. तिथे कोऱ्या चिठ्ठ्या कायम असत. त्यांतली एक कोरी नव्हती. गेल्या आठवड्याच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल पाण्यात भिजवून, सोडवून, त्यांनी तिच्यावर चिकटवलं होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"'अंमली औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. कुलपात ठेवावे.'" त्यांनी लेबल उलटून पाहिलं. "यात दुखणं थांबतं असं कुठे म्हटलंय?"

कोशकारांनी चिठ्ठी परत घेऊन पाहिली. कुठेच म्हटलं नव्हतं. ज्या औषधाला दुसरं काही काम नाही, त्याच्या बाटलीवर त्या कामाचा शब्दही नव्हता.

"शुक्रवारी पान जाणार," बाई म्हणाल्या. "तोवर छापील पुरावा मिळाला तर घेऊ. नाहीतर दोनच अर्थ ठेवू." जाता जाता त्या थांबल्या. "वहिनी कशा आहेत?"

"तेच," कोशकार म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. तीनला पाच मिनिटं असताना कोशकारांनी पेनाला टोपण लावलं आणि ते घरी निघाले.

घरी ताई चपला घालूनच उभ्या होत्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्या दोन गल्ल्या सोडून राहत आणि कोशकार कामावर असतील तेवढा वेळ रोज येऊन बसत.

"दोनचं औषध दिलं," त्या म्हणाल्या. "बरोबर रेघेवर. वर थेंब नाही."

"झोपलीय का?"

"पडलीय. बोलत नाही फारसं." ताईंनी आवाज खाली आणला. "मी काय म्हणते, कमी करता आलं तर बघा ना. एकदा सवय लागली म्हणजे कुणाच्या हातात काही राहत नाही."

हे रोजचं होतं, आणि ते सुरू व्हायला कोशकारच कारण होते. महिन्यापूर्वी बायकोचं दुखणं हाडांत उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी बरं करायची औषधं बंद केली आणि दुखणं थांबवायचं औषध सुरू केलं. पहिली तपकिरी बाटली घरात आली त्या दिवशी ताईंनी तिच्यावरचं लाल अक्षर बोटाने दाखवलं होतं. "तुम्ही शब्दवाले ना? मग सांगा, याचा अर्थ काय?" शब्दाचा अर्थ विचारल्यावर कोशकारांना बसवत नाही. त्यांनी फळीवरून पहिला खंड काढला, पान शोधलं आणि बायकोच्या उशाशी उभं राहून खणखणीत वाचून दाखवलं. "'नशा आणणारे, सेवनाने सवय जडून माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो असे, उदाहरणार्थ अफू, गांजा.'" व्याख्या त्यांचीच होती, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी लिहिलेली. इतक्या वर्षांनीही तीत एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही, याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि दोघी बहिणींचे चेहरे पाहिले.

"इथे तो अर्थ नाही," ते घाईघाईने म्हणाले होते. "इथला अर्थ वेगळा आहे."

"मग पुस्तकात का नाही?" ताईंनी विचारलं होतं.

समासातली लाल ओळ त्यातूनच आली होती.

ताई गेल्या. कोशकारांनी हातपाय धुतले, कपाटातून वही काढली आणि ते बायकोच्या खोलीत आले. ती डाव्या कुशीवर होती. पंचवीस वर्षं तिने याच खोलीत मुलींना शिवण शिकवलं होतं. कोपऱ्यातल्या दोन मशीनवर आता धुतलेल्या चादरींच्या घड्या होत्या.

वहीचा कारभार मोठा कडक होता. उपचार केंद्रातल्या सिस्टर दर गुरुवारी यायच्या. बाटलीत उरलेलं औषध मोजायचं, वही वाचायची, तिथूनच डॉक्टरांना फोन लावायचा, डॉक्टर सांगतील ती मात्रा वहीत लिहून सही करायची आणि आठवड्यापुरती नवी बाटली द्यायची. औषध अंमली, म्हणून वहीत नाही त्याला आधार नाही. "दुखलं की लिहायचं," पहिल्या दिवशी सिस्टरनी समजावलं होतं. "वेळ, कुठे, आणि कसं दुखतंय ते. जमलं तर दहापैकी किती तो आकडाही." आकड्याचा रकाना कोशकारांनी कोरा ठेवला होता. सहा आणि सात यांत अर्थाचा फरक काय, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. पण 'कसं' हा रकाना म्हणजे त्यांच्या घरचं कार्य होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी खुर्ची पलंगाला भिडवून विचारलं होतं, "ठणका आहे की कळ?"

"ठणका नाही," बायको विचार करून म्हणाली होती. "ठणका घड्याळासारखा पडतो. हे मशीनची सुई बोटातून आरपार जाते ना, तसं. एकदाच."

"मग सणक."

"हां. सणक."

त्यांनी वेळ घालून 'सणक' लिहिलं होतं. मग ठणका, ठसठस, कळ, चमक, सल, पिळवट असे एकेक करत शब्द आले. तिचा प्रत्येक शब्द शिवणातून यायचा. हे दोरा अडकल्यावर उसवण ओढतात तसं, हे गरम इस्त्री टेकल्यावर तसं. एका संध्याकाळी ती 'रवरव' म्हणाली, तेव्हा कोशकार खुर्चीतून अर्धे उठलेच. तो शब्द त्यांनी फक्त एका पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर पाहिला होता. माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो तिला परत म्हणायला लावला. ती म्हणाली आणि हसली. खरं सांगायचं तर लग्नाच्या इतक्या वर्षांत ती दोघं एकमेकांशी इतकं कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून नोंदी कमी होत गेल्या. कोशकार रोज विचारत, "कसं आहे?" ती डोळे मिटून म्हणे, "तेच." मग ते पेनाला टोपण लावत, तिच्या कपाळावरून हात फिरवत आणि उठत. ती नोंद झालेली असे.

"कसं आहे?" त्यांनी आता विचारलं.

"तेच."

त्यांनी टोपण लावलं. ते उठणार इतक्यात तिने डोळे उघडले.

"थांबा. कुरतडल्यासारखं होतंय. उंदीर कापड कुरतडतो तसं. बारीक बारीक."

"कुरतड," कोशकार म्हणाले. त्यांनी टोपण काढलं आणि खुर्ची पुढे घेतली. "कुठे?"

"इथे. मांडीच्या हाडात." ती त्यांच्याकडे बघत होती. "लिहिलं?"

"लिहितोय."

या आठवड्यातली ती चौथी नोंद होती.

गुरुवारी कोशकारांनी अर्धी रजा टाकली. सिस्टर अकराला आल्या. बाई कामाच्या, पायाला चाकं लावल्यासारख्या. एका दिवसात नऊ घरं करायच्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, उरलेलं मोजलं आणि वही उघडली. ताई दाराशी उभ्या होत्या.

"काकू, कसं वाटतंय?"

दहाचं औषध होऊन तास झाला होता. बायकोचा चेहरा सैल होता.

"आत्ता बरं आहे," ती म्हणाली.

"छान." सिस्टर पानं मागे मागे उलटत गेल्या आणि बोटांवर काही मोजून हसल्या. "काका, तुमची वही म्हणजे अगदी नमुना आहे. इतकं नीट कुणी लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस नोंदी. मग सव्वीस. मग अकरा. आणि आता चार!"

कोशकारांना स्तुती आवडली. त्यांनी मानही तुकवली. तोवर सिस्टरनी फोन लावून पलंगावर ठेवला होता आणि डॉक्टरांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. मागे मोटारीच्या इंजिनाचा आवाज होता.

"चार? आठवड्यात चार? वा. मग मात्रा पाच मिलीची चार करू या. ही औषधं लागेल तेवढीच द्यायची. लिहून घ्या." फोन बंद झाला.

"बघा," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा सुटका दिसली. "मी म्हणतच होते, कमी होईल म्हणून."

कोशकारांनी बायकोकडे पाहिलं. तिने चादरीचा काठ चिमटीत धरला होता आणि ती त्याच्यावरून नख दाबत पुढे पुढे नेत होती, दुमड पक्की करतात तसं. शिकाऊ मुलीचं काम साफ बिघडलं की ती असं करायची. रागवायची नाही, नुसती काठ दाबत राहायची.

"चार कशा?" कोशकारांनी विचारलं.

"तुम्हीच लिहिल्यात की," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या पेनाने 'मात्रा' हा शब्द लिहायला घेतला होता.

"त्या चार नव्या आहेत."

"नव्या म्हणजे?"

"म्हणजे आधी न आलेल्या." कोशकारांनी वहीकडे बोट केलं. "आधीच्या सगळ्या आहेतच, सिस्टर. त्या कुठे जातील? सणक आहे, ठणका आहे. रोज आहेत."

"मग लिहिल्या का नाहीत?"

"लिहिल्या होत्या," कोशकार म्हणाले. "एकदा."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस थट्टा करतोय की काय, असं क्षणभर त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी वहीचं पहिलं पान काढलं, दुसरं काढलं, बोट खाली खाली नेलं. एकही शब्द दुसऱ्यांदा आला नव्हता. चार आठवड्यांत, चौऱ्याऐंशी ओळींत, एकदाही नाही.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा फोन लावला. तो लागला नाही. केंद्रात लावला. डॉक्टर परगावी निघालेत, सोमवारी येतील, असं उत्तर आलं. दुसरे कोणी डॉक्टर? आहेत, पण या औषधाच्या कागदावर त्यांची सही चालत नाही. सिस्टर उठून खिडकीपाशी गेल्या, आवाज चढवून बोलल्या, मग आवाज उतरवून बोलल्या आणि परत आल्या. त्यांच्या येण्यावरूनच काय ते कळलं.

"मी आत्ता लिहून देतो," कोशकार म्हणाले. "मला सगळं आठवतंय. मंगळवारी सकाळी सात वाजता ती..."

"मागाहून लिहिलेलं धरत नाहीत, काका."

हे सिस्टरनी सांगायची गरज नव्हती. आठवणीतून लिहून आणलेल्या कितीतरी चिठ्ठ्या कोशकारांनी स्वतः परत केल्या होत्या, आणणाऱ्याच्या तोंडावर. आता त्यांना त्यांतली एकही आठवेना. फक्त ते पडलेले चेहरे आठवले.

"मात्रा कमी करत नाही," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोलणं झालंच नाही असं धरते, पुढचं मी बघून घेईन. तेवढं माझ्या अंगावर. पण वाढवणं माझ्या हातात नाही." त्यांनी वही कोशकारांच्या मांडीवर ठेवली. "सोमवारी सकाळी मी स्वतः ही घेऊन जाते. तोवर दर तासाला लिहा. आकडा लिहा. तेच दुखत असेल तर तेच लिहा, दहादा असेल तर दहादा लिहा. आणि काकू म्हणतील तेवढंच. पदरचं एक अक्षर नको. शंका आली तर अख्खी वही बाद करतात."

त्या नवी बाटली ठेवून, बायकोचा हात दाबून निघून गेल्या. पुढचं घर वाट बघत होतं.

गुरुवार ते सोमवार. कोशकारांनी तास मोजले आणि मग मोजायचे थांबवले. ताई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि बायकोच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब यायला लागले होते.

"मला बोलली का नाहीस?" कोशकारांनी विचारलं.

"बोलत होते की. तेच म्हणत होते रोज."

पुढचंही तिनेच सांगायला घेतलं. एकेक वाक्य, मध्ये श्वास.

"तेच म्हटलं की तुम्ही टोपण लावायचात. नवं काही म्हटलं की खुर्ची पुढे घ्यायचात. मग शोधायचे मी. पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं?"

"शोधायचीस?"

"रवरव माझ्या आईची. तिचे पाय रवरवायचे. मला कधीच झाली नाही." ती ओशाळली. "तुम्ही किती खूश झाला होतात."

कोशकारांनी वहीत मागे जाऊन ते पान काढलं. 'रवरव. सायंकाळी सहा वीस. दोन्ही पोटऱ्या.' अक्षर जरा मोठं आलं होतं.

"आणि कालची कुरतड?"

"ती खरी." जरा थांबून ती म्हणाली, "बहुतेक."

कोशकारांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही, आणि तिनेही त्यांना आवरायला सांगितलं नाही. शब्द संपत आले तशी खुर्ची लांब लांब जात गेली होती, आणि तिला अंथरुणातून ते दिसत होतं. त्यांनाच तेवढं दिसलं नव्हतं.

ताई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पण मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "पुस्तकात तर तसं दिलंय. सवय जडते, ताबा सुटतो..."

"ताई, पुस्तक राहू दे," बायको म्हणाली. "दहाला घेते. साडेदहाला अंमल चढतो, बाराच्या आत उतरतो. तेवढ्यात मी तुला ओळखते, यांना ओळखते. चहा गरम आहे की गार ते कळतं. ताबा सुटतो तो बाकीच्या वेळात."

कोशकारांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. कोऱ्या चिठ्ठ्या तिथे होत्या. बोलणारी समोर होती, वेळ माहीत होती, आणि वाक्य असं की त्यावर बाईंनासुद्धा तिसरा अर्थ नाकारणं जड गेलं असतं. बोटं कागदाच्या कडेपर्यंत पोचली. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि वही उघडली.

"बारा वाजले," ते म्हणाले. "कसं आहे?"

"तेच."

"दहापैकी?"

"आठ."

त्यांनी लिहिलं : 'बारा. तेच. आठ.'

एकला विचारलं. "तेच. नऊ." लिहिलं. लिहिताना हात अडखळला, कारण वरच्याच ओळीत तो शब्द होता, आणि एकतीस वर्षांची नजर त्याच्यावर जाऊन म्हणाली, जुळी. दोनला ताईंनी औषध ओतलं. औषधाचं टोपण त्यांनी उजेडाकडे धरून वाकून पाहिलं; नेहमीसारखं वर थेंब जास्त गेला का ते नव्हे, रेघेच्या खाली तर राहिलं नाही ना, ते. मग दोघांनी मिळून तिचं डोकं वर धरलं. अडीचला चेहरा थोडा सैल झाला. तीनला कोशकारांना दोनदा विचारावं लागलं.

"तेच," ती म्हणाली. "सात."

कोशकारांनी लिहिलं. शेवटच्या अक्षरावर थेंब पडला आणि शाई पसरली. त्यांनी टिपकागद शोधला, सापडला नाही, म्हणून सदऱ्याच्या बाहीने टिपलं. बायको उशीवरून हे सगळं बघत होती. पुढचा तासभर ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचा चष्मा, वाकलेली मान, बाहीवरचा निळा डाग. मध्ये एकदा तिचं अंग ताठ झालं आणि दात एकमेकांवर बसल्याचा आवाज आला. कोशकारांनी तिचा हात धरला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वाढीव मात्रेला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरांबरोबर परगावी गेली होती.

चार वाजून गेले.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

तिचं कपाळ ओलं होतं. चादरीचा काठ चिमटीत होता आणि नख त्याच्यावरून पुढे जात होतं, मागे येत होतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाहीवरच्या डागाकडे.

"आता जरा बरं आहे," ती म्हणाली. "खरंच. तुम्ही जा, चहा घ्या जरा."

कोशकारांनी पेन उचललं होतं. ते तसंच राहिलं. काकू म्हणतील तेवढंच, सिस्टर म्हणाल्या होत्या. पदरचं एक अक्षर नको. आणि सिस्टर येण्याच्या कितीतरी आधीपासून, तोंडून निघालं तेच कागदावर उतरवायचं, यावर त्यांची सगळी हयात गेली होती. सोमवारी डॉक्टर वही उघडतील. ओळींवरून बोट खाली नेतील. 'बरं आहे' या दोन शब्दांवर ते थांबेल.

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

कोशकारांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं. त्यांनी वेळ लिहिली. तिच्यापुढे, जराही न अडखळता, लिहिलं 'तेच', आणि आकड्याच्या रकान्यात 'नऊ'.

बायकोने उशीवरून मान किंचित उचलून वाचलं.

"मी असं नाही म्हटलं."

"माहीत आहे," कोशकार म्हणाले. त्यांनी खालच्या ओळीत पाचची वेळ आधीच लिहून ठेवली आणि खुर्ची पुढे घेतली.